लेव्हायथन कुऱ्हाड, सागवानात

१ जून २०२५, रविवार

मामेभावाला ऑक्टोबरात पुण्यात, वेश करून जायच्या एका कार्यक्रमात, ‘गॉड ऑफ वॉर’ या व्हिडिओ गेममधला क्रॅटोस बनून जायचंय. टक्कल आणि दाढी मूळचीच आहे, त्यामुळे निम्मा खर्च वाचला. राहिली त्याची ती लेव्हायथन कुऱ्हाड. फोमची मिळते, पण ती हातात घेतली की गादीचा तुकडा उचलल्यासारखं वाटतं. "तुझं ते मशीन आहे की," म्हणाला.

ते मशीन म्हणजे ३०१८, कॉम्प्युटरवरून चालणारं, लाकूड कोरणारं छोटं सीएनसी. माप नावातच आहे: आडवं ३०० मिमी, उभं १८० मिमी, आणि वर-खाली ४५. आजवर त्यावर दारावरच्या नावाच्या पाट्या आणि एका मंडळाची ट्रॉफी, एवढंच काढलंय. माझं पोटापाण्याचं काम फ्लेक्स डिझाइनचं. कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, हात बसलाय, लाकडात नाही. लाकूड हे खातं अण्णांचं. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी त्यांनी चौतीस वर्षं पॅटर्न केले. ओतकामाच्या वाळूत ज्याचा ठसा उठवायचा तो लाकडी नमुना, पंपाची केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, असलं सगळं. आता घरी असतात आणि माझ्या मशीनकडे पाहुण्यांच्या लहान पोराकडे बघावं तसं बघतात. त्रास आहे, पण बोलायचं कसं.

ठरलेल्या अटी: एका हातात दिवसभर धरता आली पाहिजे, धार बोथट, पातं लोखंडाचं नको (अशा कार्यक्रमांत दारावर हत्यारं तपासतात), आणि दांडा मधून सुटला पाहिजे. भाऊ एसटीनं जाणार आहे. तीन फुटी कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला तर शेजारी कुणी बसायचं नाही.

४ जून

गेम सुरू होतो तोच झाड तोडण्यानं. क्रॅटोसच्या बायकोचं, फेचं, सरण रचायचं असतं. बुंध्यावर सोनेरी पंजाची खूण, आणि त्यावर हीच कुऱ्हाड चालते. कुऱ्हाड मूळची फेचीच. ब्रॉक आणि सिंड्री या दोन बुटक्या भावांनी तिच्यासाठी घडवलेली. थोर या देवाचा हातोडाही त्यांचाच. २०१८ च्या एप्रिलमध्ये गेम आला तेव्हा मी मित्राच्या खोलीवर पीएस-फोरसमोर ठाण मांडून बसलो होतो. कुऱ्हाड फेकायची, त्रिकोणाचं बटण दाबायचं, की ती गरगरत येऊन मुठीत बसते. त्या एका बटणासाठी मी अर्धा तास नुसता झाडांवर फेकत होतो.

आज फोटो मोडमध्ये जाऊन पन्नासेक स्क्रीनशॉट काढले. पहिले सगळे वाया गेले. कॅमेरा जवळ नेला की पातं फुगतं आणि दांडा निमुळता होतो. लग्नाच्या फोटोत कडेला उभा राहणारा माणूस जाड दिसतो, तसंच. मग फोकल लेंग्थ वाढवली, कॅमेरा लांब नेला, तेव्हा कुठे आकार सरळ आला.

मापं कुठेच लिहिलेली सापडली नाहीत, म्हणून क्रॅटोसची मूठ आणि भावाची मूठ एकच धरली. भावाची मूठ ९५ मिमी. पातं मुठीच्या पावणेतीनपट दिसतं, म्हणजे २६१ आणि वर थोडं. २६२ धरलं. उंची १७४ येत होती, बिटला (कापणाऱ्या कोरणीला) दोन्ही कडांनी फिरायला जागा सोडली की ती मशीनच्या पोटात मावत नाही. पात्याची खाली उतरलेली दाढी जराशी छाटून १६८ केली. गेम तोंडपाठ असलेल्यांना कळेल, पण ते पोट माझ्या मशीनचं आहे, त्यांचं नाही. जाडी मध्ये ३६, धारेकडे उतरत ५. दांड्यासकट एकूण ८८० मिमी.

८ जून

रून, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीच्या, अक्षरांची चाचणी. पात्याच्या मधल्या पट्टीवर मी नऊ बसवलीत. सागाच्या टाकाऊ तुकड्यावर ६० अंशी व्ही बिटनं (व्ही आकाराच्या टोकाच्या कोरणीनं) कोरून पाहिली.

व्ही बिटचं गणित सोपं आणि निर्दयी आहे. २ मिमी रुंद रेष हवी तर बिट १.७३ मिमी खोल जावं लागतं. म्हणजेच फळी कुठे ०.३ मिमी वर-खाली असेल, तर तिथे रेष जवळपास ०.३५ मिमीनं जाड किंवा बारीक होते. पहिल्या चाचणीत डावीकडची अक्षरं ठसठशीत आणि उजवीकडची पेन संपत आल्यासारखी. मशीनच्या बेडवर अंथरलेला एमडीएफ सपाट नव्हता. सपाट बिट लावून तो अर्धा मिमी छिलून घेतला, मग अक्षरं सारखी आली. घरभर पिवळी धूळ. एमडीएफला मास्क लावाच, सागापेक्षा ती धूळ जास्त घशात बसते.

एक गंमत दिसली. लाकडाच्या तंतूंच्या दिशेनं कोरलेली रेष सागाच्या स्वतःच्या रेघांत हरवून जाते, कोरलीय की मूळचीच आहे ते कळत नाही. आडवी किंवा तिरकी मात्र लांबूनही वाचता येते. रून लिपीत तंतूंच्या दिशेच्या रेषा नाहीत, सगळ्या उभ्या (तंतूंना आडव्या) नाहीतर तिरप्या, याचं कारण हेच सांगतात: ती चाकूनं लाकडात कोरायची अक्षरं. आपली मोडी बरोबर उलटी. बोरू उचलायचा नाही म्हणून सगळं गोल आणि एकमेकांत अडकलेलं. मोडी या मशीनवर कोरून बघायचीय कधीतरी. आत्ता नाही.

१२ जून

अडलो. पात्याला दोन्ही बाजूंना नक्षी आहे. माझा बेत असा होता की ३६ मिमीचा ठोकळा घ्यायचा, एक बाजू कापायची, उलटायचा, दुसरी कापायची. पण बिटची कापणारी लांबी १७ मिमी. त्याखाली गेलं की चकचकीत दांडी लाकडाला घासते आणि धूर येतो. शिवाय उलटल्यावर दोन्ही बाजू जुळतीलच याची खात्री नाही. एक मिमी सरकलं की धारेला पायरी पडणार.

अण्णा चहा घेऊन आले. कागदावरचं चित्र बघितलं.

"हे काय, कुऱ्हाड?"

"व्हय."

"मग उलटतोयस कशाला? मधनं चिर की." आणि बोटानं पात्याच्या जाडीतून आडवी रेघ ओढली.

दोन अर्धुकं. दोन्हीची पाठ सपाट, मध्ये दोन डॉवेल, म्हणजे जुळवणीच्या खुंट्या. वाळूच्या वरच्या पेटीत एक अर्धा, खालच्या पेटीत दुसरा. अण्णांनी जन्मभर केलेले पॅटर्न निम्म्याहून जास्त असेच, स्प्लिट. प्रत्येक अर्धा १८ मिमी, म्हणजे बिटही जवळजवळ पुरतं. उलटायचा प्रश्नच मिटला. दांड्याची खाच दोन्हींच्या पाठीत अर्धी-अर्धी.

मी तीन दिवस व्हिडिओ बघत होतो.

१५ जून

गेल्या महिन्यात एक्स (आडव्या) अक्षाचं कपलिंग, म्हणजे मोटर आणि स्क्रूचा जोड, बदललं होतं, त्यामुळे काम सुरू करायच्या आधी मापं तपासून घेतली. पाट्यांना कोण मोजतंय, इथे मात्र दोन अर्धे जुळायला हवेत. माझा व्हर्नियर १५० मिमीचा, लांब मापाला अपुरा. अण्णांच्या पेटीतून स्टीलची दोन फुटी पट्टी घेतली.

टोकदार बिटनं एक ठिपका, २५० मिमी सरक असं सांगितलं, दुसरा ठिपका. पट्टीवर अंतर २४७.५. वाय (उभ्या) अक्षाला १५० सांगितलं, भरलं १४८.५.

३०१८ मध्ये मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येकाचे १६ तुकडे करतो, आणि एका फेऱ्यात स्क्रू ४ मिमी सरकतो. म्हणून मिलिमीटरला ८०० पावलं. दुरुस्ती: ८०० गुणिले २५० भागिले २४७.५, म्हणजे ८०८.०८. दोन्ही अक्षांना तेच. जीआरबीएल या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही पावलं ठरवणारे दोन आकडे, डॉलर १०० आणि डॉलर १०१, बदलले. झेडला, म्हणजे वर-खालच्या अक्षाला, हात लावला नाही. पुन्हा ठिपके. पट्टीवर बरोबर २५०. छान वाटलं.

१६ जून

लाकूड जुन्या वाड्याच्या चौकटीचं, वखारीतून आणलेलं. कोल्हापुरात या दिवसांत मीठसुद्धा पाणी पितं. पावसाळ्यात नवीन लाकूड घेतलं असतं तर आज सपाट आणि उद्या पन्हाळीसारखं. जुना साग हलत नाही. पण जुन्या लाकडात जुना खिळा असतो. मोडलं बिट, पहिल्याच दोन मिनिटांत. अण्णा म्हणाले, चुंबक फिरवायचा आधी. आधी म्हणजे आधी सांगायचं. मोडक्या बिटचं बूड टाकलं नाही, डबीत ठेवलंय.

२२ जून

पहिला अर्धा. आधी सपाट बिटनं ढोबळ काप: १०,००० आरपीएम, दोन धारा, फीड (बिट पुढे सरकायचा वेग) मिनिटाला ६०० मिमी, एका वेळी १ मिमी खोल. म्हणजे प्रत्येक धार दर फेऱ्याला ०.०३ मिमी लाकूड खाते. यापेक्षा कमी केलं तर कापण्याऐवजी घासतं आणि साग काळा पडतो. आवाजावरून कळतं. कापताना गुरगुर, घासताना किंचाळी.

ढोबळला पावणेदोन तास. मग गोल टोकाच्या ३.१७५ मिमी बिटनं फिनिशिंग, प्रत्येक ओळीत ०.३ मिमीचं अंतर. हिशेब केला होता: १६८ मिमीत ५६० ओळी, एक ओळ २६२ मिमी, एकूण १४७ मीटर. ८०० च्या फीडनं तीन तास. लागले सव्वाचार. नक्षीवरून जाताना झेड सारखा वर-खाली होतो आणि या मशीनचा झेड म्हणजे जिना चढणारी आजी.

पण काय दिसतं! ढोबळ कापानंतर पातं डोंगरी शेतासारखं पायऱ्यापायऱ्यांचं असतं. गोल बिट एका कडेनं येत जातं आणि मागे गुळगुळीत उतार सोडत जातं. अर्ध्यावर असताना एकीकडे पायऱ्या, दुसरीकडे पातं. मी खुर्ची घेऊन बसलो होतो. अण्णाही दारात उभे होते, चष्मा कपाळावर. काही बोलले नाहीत. मशीन थांबल्यावर पुढे आले आणि अंगठ्यानं धारेचा उतार चाचपला, नखानं नाही, अंगठ्याच्या मांसल भागानं. "पॉलिश पेपर लागंल," म्हणाले. तेवढंच.

शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, घरात पिठाची गिरणी काढली का.

२९ जून

दुसऱ्या अर्ध्याची फाइल. आरसा मारला की पातं बरोबर उलटतं, पण त्याच्याबरोबर रूनही उलटतात. प्रीव्ह्यूमध्ये दिसलं म्हणून वाचलो. फ्लेक्सच्या धंद्यात काचेवरचं विनाइल उलटं छापायची सवय आहे, डोळा तिथेच जातो. रून वेगळे काढून सुलटे बसवले.

६ जुलै, आषाढी एकादशी

सकाळी आठला दुसरा अर्धा लावला. ढोबळ झालं, फिनिशिंग सुरू झालं, साडेअकराला आईनं खिचडीसाठी शेंगदाण्याचं कूट करायला मिक्सर लावला. मशीन जागच्या जागी थांबलं. बिट लाकडात, ते फिरवणारं स्पिंडल चालू, लॅपटॉपवर "पोर्ट सापडत नाही".

मिक्सरच्या मोटरचे ब्रश ठिणग्या पाडतात, तो गोंगाट वायरिंगमधून यूएसबीत शिरतो. आणि यूएसबी पुन्हा जोडली की बोर्ड रीसेट होतो, आपण कुठे आहोत हे विसरतो. माझ्या मशीनला स्वतःहून जागा शोधणारे होमिंग स्विच नाहीत. साडेतीन तासांचं काम, आणि मशीनला आपला पत्ता माहीत नाही.

वाचलो ते एका भोकामुळे. सुरुवातीला, फळीच्या टाकाऊ कोपऱ्यात, शून्यावर ३.२ मिमीचं भोक पाडून ठेवलं होतं. १६ जूनच्या मोडक्या बिटचं बूड ३.१७५ चं. ते कोलेटमध्ये, म्हणजे बिटच्या पकडीत, धरलं आणि हातानं अक्ष सरकवत भोकात उतरवलं. खाली अलगद गेलं की एक्स-वाय शून्य सापडलं. झेड कागदाच्या चिटोऱ्यानं. मग फाइल उघडून थांबलेल्या ओळीच्या वीस ओळी मागून कापली, वर चार गोष्टी हातानं लिहिल्या: मिमी, निरपेक्ष मापं, स्पिंडल चालू, फीड. आणि सगळ्यात आधी झेड वर. हे विसरलात तर बिट लाकडातून तिरकं नांगरत जातं. जोड दिसतोय का म्हणून बोट फिरवलं, नाही लागत.

आता मशीनला वेगळा सॉकेट, आखूड शील्डेड केबल, तिच्यावर गोंगाट अडवणारं फेराइटचं कडं, आणि स्वयंपाकघराच्या दारावर पाटी. पाटी याच मशीनवर कोरणार आहे. आईचं म्हणणं, मिक्सर आधीपासून घरात आहे.

१० जुलै

दोन्ही अर्धे जुळतात. डॉवेल हलक्या हातोडीनं बसतात, धारेला पायरी नाही. चिकटवायच्या आधी रंगाचा स्टेन्सिल करावा म्हणून पात्याची बाह्यरेषा एकास-एक ए-फोरवर छापली आणि लाकडावर ठेवली.

कागद लहान. सगळीकडून मिमी-सव्वा मिमी लाकूड बाहेर.

प्रिंटर, दुसरं काय. "पानात बसवा" वर टिक राहिली असणार. नव्हती. तरी पट्टीनं छापील चित्र मोजलं: २५९.४. बघा, प्रिंटरच. लाकूड मोजलं: २६२ बरोबर. पुन्हा छापलं. पुन्हा २५९.४. दुकानात जाऊन दुसऱ्या प्रिंटरवर छापलं. २५९.४.

दोन प्रिंटर एकसारखे खोटं बोलत नाहीत. रात्री जेवून पुन्हा बसलो आणि सहज, काही हेतू नसताना, पट्टी कागदाच्या लांब बाजूला लावली.

२९४.

ए-फोर २९७ असतो. माझं अर्धं आयुष्य त्या २९७ वर गेलंय. कागद कापणाऱ्या कारखान्यात चूक झाली म्हणावं, तर सगळं रीम २९४ चं.

पट्टी दिव्याखाली धरली. झिजलेल्या कडेला, खरवडल्यासारखी दोन अक्षरं: सी आय.

११ जुलै

अण्णांना सांगितलं. त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. आई पाणी घेऊन धावली.

ती कॉन्ट्रॅक्शन स्केल आहे. बिडाची पट्टी. सी आय म्हणजे कास्ट आयर्न, बीड. ओतलेलं बीड गोठून थंड होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिमी. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायचा असतो. प्रत्येक मापात एक टक्का मिळवत बसण्यापेक्षा पट्टीच तशी करतात: तिच्यावरचा एक मिमी खरा १.०१ मिमी असतो. अण्णांकडे तीन आहेत. बिडाची दहाची, अ‍ॅल्युमिनियमची तेराची, स्टीलची वीसची. साधी पट्टी त्यांच्या पेटीत नाहीच. "साध्या पट्टीचं पॅटर्न मेकरला काय काम?"

म्हणजे मशीन पहिल्यापासून बरोबर होतं. मीच ८०० चे ८०८ करून ते बिघडवलं, आणि मग त्याच पट्टीनं तपासून खूश झालो. दोन स्वतंत्र स्क्रूंची चूक दशांशापर्यंत सारखी कशी, हे १५ जूनलाच खटकायला हवं होतं. दोन माणसांना एकाच वेळी एकच ताप आला, तर थर्मामीटर बघावा.

पातं खरं २६४.६ मिमी भरतंय. अडीचेक मिमीचा फरक भावाच्या हातात कुणाला दिसणार नाही. मी फेविकॉलची बाटली काढली.

"ते लावू नको," अण्णा म्हणाले. "हे दोन मला दे. तुझं दुसरं काढ."

कशाला, ते सांगितलं नाही. डॉलर १०० आणि १०१ पुन्हा ८०० केले.

२० आणि २७ जुलै

दोन नवे अर्धे. प्रत्येकी सहा तास, मिक्सर नाही, खिळा नाही. सागात सिलिका असते, गोल बिट चौथ्या अर्ध्याच्या शेवटी बोथट झालं. धारेजवळ थोडा जळका वास आणि तपकिरी पट्टा, तो पॉलिश पेपरनं गेला. कागद वर ठेवला. बसला.

मागच्या खोलीत अण्णांचा रंधा ऐकू येतो. दार लोटलेलं असतं.

३ ऑगस्ट

दांडा. ३०१८ वर दांडा करायचा म्हणजे तीन तुकडे आणि तीन डोकेदुख्या. कुऱ्हाड-फावड्याचे दांडे मिळतात तिथून बाभळीचा आणला. बाभूळ जड असते, पण भावानं कुठे आपटलीच तर तुटणार नाही. वळण अण्णांनी कानशीनं काढून दिलं. माझ्याकडून वीस मिनिटांत जे झालं नाही ते त्यांनी पाचात केलं, तेही रेडिओ ऐकत. मध्यावर कापून एम-१० चा आट्याचा रॉड आणि दुसऱ्या बाजूला नट एपॉक्सीत बसवला. आता पिळून सुटतो.

कानस मारताना अण्णा म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

मी म्हटलं, या गड्याला ते अगदीच लागू आहे. त्यानं देवाच्या फसवणुकीत स्वतःची बायको आणि पोरगी मारली. अंगावरची पांढरी राख त्यांचीच.

"मग ही कुऱ्हाड कुणाची?"

"बायकोची. दुसऱ्या."

कानस थांबली. "आधीचं ठाऊक असून दुसरीनं कुऱ्हाड हातात दिली? धाडसाची बाई."

१० ऑगस्ट

जोडणी आणि रंग. फेविकॉल, सहा क्लॅम्प, एक रात्र. सांध्यावर एनसी पुट्टी, पेपर २२०, मग ४००. काळा मॅट रंग दोन हात.

लोखंडी दिसावं म्हणून चांदी रंगाचे तीन स्प्रे आणले होते. तिन्ही लग्नातल्या मखरासारखे. अण्णांनी कपाटातून ग्राफाइट पावडरची पुडी काढली. साच्याला फासायला फाउंड्रीत वापरतात तीच. काळ्या रंगावर फडक्यानं चोळली आणि बघता बघता लाकूड थंड दिसायला लागलं. कडांना जास्त चोळायचं, रूनच्या खोबणीत अजिबात नाही. वरून मॅट वार्निशचा एक हलका हात दिला नाही तर भावाचा तळहात काळा. खोबणीत फिकट निळा, कोरड्या ब्रशनं. बर्फाची कुऱ्हाड आहे, तेवढं तर हवं.

मुठीला चामड्याची वादी. चपला करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून घेतली, त्यानंच ओली करून गुंडाळायला सांगितलं. वाळताना आवळते. दोन दिवसांनी हललीसुद्धा नाही.

१७ ते २६ ऑगस्ट

गणपतीचे फ्लेक्स. बाकी काही नाही. एका मंडळाच्या कार्यकर्त्यानं ऑफिसच्या टेबलावर कुऱ्हाडीचा फोटो पाहिला आणि विचारलं, परशुरामाची का. हो म्हटलं.

१४ सप्टेंबर

भाऊ आला, कुऱ्हाड जोडली, वजन केलं: १ किलो २१० ग्रॅम. त्यातलं पातं साडेतीनशे, बाकी बाभूळ, रॉड आणि चामडं. अंगणात उभा राहून त्यानं हात लांब केला आणि कुऱ्हाड परत यायची वाट बघत बसला. तुळशीकट्ट्याजवळ पडली होती, आई उचलून आणून देईपर्यंत.

२१ सप्टेंबर

सकाळी अण्णा स्कूटरवरून कुठेतरी गेले. दुपारी आले तेव्हा पायाजवळ गोणपाटात काहीतरी बांधलेलं. टेबलावर ठेवलं तर टेबल वाजलं.

बिडाचं पातं. दोन महिने मागच्या खोलीत माझ्या त्या फसलेल्या अर्ध्यांवर काम चाललं होतं. पाठीतली खाच लाकूड भरून बंद केली, धारेची कड जरा जाड केली, शेलॅक दिलं. जुन्या ओळखीच्या फाउंड्रीत भट्टी लागायच्या दिवशी दुसऱ्या कुणाच्यातरी जॉबच्या पेटीत कोपऱ्यात जागा मिळाली. रस ओतलेल्या जागचा बुंधा अजून तसाच आहे, घासलेला नाही. वजन पावणेचार किलो. भाऊ फोनवर म्हणतोय हीच नेतो. दारावरच काढून घेतील, म्हटलं, आणि तुझा खांदाही.

नऊपैकी सात रून स्वच्छ उठलेत. पॅटर्न वाळूतून निघताना कड मोडू नये म्हणून भिंतींना एक-दोन अंशांचा ढाळ द्यावा लागतो. व्ही बिटच्या खोबणीला तो तीस अंशांचा आयताच मिळालाय. अण्णांनी हे मला दोनदा दाखवलं. उरलेल्या दोन रूनमध्ये वाळू ढासळली, तिथे नुसता गोळा आहे.

१० जुलैचा कागद फाइलमध्ये होता. काढला आणि बिडाच्या पात्यावर ठेवला. अण्णा चष्मा खाली घेऊन वाकले. कडेला कड. दाढीच्या टोकाशी चिकटलेले वाळूचे दाणे तेवढे कागदाबाहेर आले होते, ते त्यांनी अंगठ्यानं खरवडून काढले.